पहिल्या बेसच्या मागे

गेल्या रविवारी सकाळी पासिर रिसच्या मैदानावर आमची सेमीफायनल झाली. मॅचच्या सातही इनिंग्जमध्ये माझ्याकडे एकही बॉल आला नाही... ही पोस्ट त्याबद्दलच आहे.

आमच्या कंपनीची सॉफ्टबॉल टीम आहे. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचंच धाकटं भावंड. मी राइट फील्डला उभी राहते, पहिल्या बेसच्या बरीच मागे. तिथे सहसा टीममधला सगळ्यात कच्चा खेळाडू ठेवतात, याची मला पूर्ण कल्पना आहे.

आमचे कोच लिन प्लांटवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहेत, पंचेचाळिशीचे. जुरोंग आयलंडच्या प्लांटवर जाणाऱ्या कंपनी बसमध्ये शेवटच्या सीटवर डोळे मिटून बसतात. हा माणूस तैवानमध्ये नऊ सीझन प्रोफेशनल बेसबॉल खेळला, आउटफिल्डर म्हणून, म्हणजे बेसच्या मागे लांब उभा राहणारा फील्डर, हे दोन वर्षं कुणालाच माहीत नव्हतं. फायनान्समधल्या मंदारने सहज त्यांचं नाव सर्च केलं आणि एक मिशीवाला फोटो निघाला.

पहिल्या प्रॅक्टिसला लागोपाठ दोन बॉल माझ्या डोक्यावरून गेले. मी पुण्यात शाळेपासून क्रिकेट खेळलेली... बोलर धावायला लागला की फील्डरनेही चार पावलं पुढे चालत यायचं, हे अंगात भिनलेलं. मंदार पहिल्या बेसवरून ओरडला, "अगं, इथे बोलर नाहीये! कुणाच्या स्वागताला निघालीस?"

लिन हसले नाहीत. पहिलं पाऊल मागे टाक, एवढंच म्हणाले. पुढे धावणं सगळ्यांना जमतं.

त्यांनी शिकवलेली दुसरी गोष्ट मला विचित्र वाटली. बॅटरला आउट करायला कुणीही पहिल्या बेसकडे थ्रो केला की मी धावत त्या बेसच्या मागे पोचायचं. बॉल मंदारच्या हातून सुटलाच, तर अडवायला. प्रत्येक थ्रोला... सुटो न सुटो.

"किती वेळा सुटतो?" मी विचारलं. मला आकडा लागतो.

त्याचं उत्तर त्यांनी प्रॅक्टिसनंतर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कोपी (इथली दाट कॉफी) पिताना दिलं. पहिल्या सीझनला त्यांच्या टीमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर, इतका अचूक होता की एका मॅचला त्याच्या एका थ्रोला लिन धावलेच नाहीत. नेमका तो थ्रो चुकला आणि त्यावर मॅच गेली. स्कोअरबुकमध्ये चूक शॉर्टस्टॉपच्या नावावर लागली, पेपरमध्येही त्याचंच नाव आलं. लिन यांच्या नावावर काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन कोचना सांगितलं, मी धावलो नव्हतो. कोच म्हणाले, मला माहीत आहे. लिनना वर्षभरासाठी राखीव टीममध्ये पाठवलं गेलं.

परत आल्यावर पुढचे सगळे सीझन ते प्रत्येक थ्रोला धावले. बॅटिंग बेताची, म्हणून बहुतेक वेळा त्यांना शेवटच्या दोन-तीन इनिंग्जपुरतं फील्डिंगला उतरवायचे. स्टार कधीच झाले नाहीत. मी पुन्हा विचारलं, मग किती वेळा उपयोग झाला? त्यांनी कोपी ढवळत जरा विचार केला. "चार वेळा. कदाचित पाच."

मी प्लांटवर सेफ्टी व्हॉल्व्हची कॅल्क्युलेशन्स करते. वर्षानुवर्षं न उघडणारी वस्तू, पण ज्या दिवशी लागेल त्या दिवशी उघडलीच पाहिजे. तरी त्यांचं म्हणणं पचायला मला कोपीचा दुसरा कप लागला.

...तर रविवार. फायनलला राइट फील्डला मी की नवीन आलेली शर्मेन, हे या मॅचनंतर ठरणार होतं. शर्मेनचा थ्रो माझ्या दुप्पट लांब जातो. ती जागा मला हवी होती. किती, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

बॉल येत नव्हता, म्हणून मी धावत राहिले. प्रत्येक थ्रो सरळ मंदारच्या ग्लव्हमध्ये. धावायचं, थांबायचं, परत जायचं... मनात मोजत होते. सहाव्या इनिंगला ऊन डोक्यावर आलं होतं, आम्ही पाच रन्सनी पुढे होतो, थ्रो अगदी सोपा होता. त्या एका थ्रोला मी चालत गेले. मंदारने बॉल पकडला. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

जिंकलो. मंदार पाण्याची बाटली देत म्हणाला, "काय गं, आज नुसतंच ऊन खाल्लंस!"

आमचा कॅप्टन फैझल लिनकडे वळला. "कोच, फायनलला कोण? गौरीकडे एक पण बॉल आला नाही. काय बघून ठरवणार?"

लिन बॅट्स बॅगेत भरत होते. "एकोणीस थ्रो झाले," ते म्हणाले. "अठरा वेळा धावली. एकदा चालली." मग माझ्याकडे बघून, "सहावी इनिंग."

माझाही हिशोब अठराच होता. चालत गेलेला तो एक थ्रो फक्त मलाच माहीत आहे, असं मी धरून चालले होते.

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

त्यांनी बॅगेची चेन लावली. "फायनलला गौरी," फैझलला म्हणाले. मग मला, "या वेळी सगळे थ्रो."

सोमवारी कंपनी बसमध्ये ते नेहमीसारखे शेवटच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. मी त्यांच्या पुढच्या सीटवर बसले. मनात हिशोब चालू होता... हा माणूस वर्षानुवर्षं, प्रत्येक मॅचला, प्रत्येक थ्रोला धावला. मला एक सकाळ पूर्ण करता आली नाही.