बाबांच्या माईकवर माझी नोकरी

आमच्याकडे हळदीला माणूस नुसता येत नाही, उपस्थित होतो. मांडवाच्या तोंडाशी गाडी थांबली, की माईकवरून त्याचं नाव, गाव आणि हुद्दा सगळ्या आळीला ऐकू जातो. तो चारी बाजूंना हात जोडतो, यजमान त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकतात आणि मगच तो जेवणाच्या मंडपाकडे वळतो. ज्याचं नाव माईकवर आलं नाही तो जेवतो, पण त्याला घास गोड लागत नाही.

आमच्या गावात हा माईक बाबांच्या हातात असायचा. गाव दापोड्याच्या अलीकडे, आणि बाबांचं दुकान भिवंडीत, धामणकर नाक्याजवळ. लूमला लागणारे धोटे, पट्टे, पिकर असला माल. दिवसभर दुकानात ते गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलायचे, घरी आमच्या गावच्या बोलीत, आणि संध्याकाळी हातात माईक आला की एकदम पुस्तकातल्या मराठीत. "यजमानांच्या वतीने शब्दसुमनांनी स्वागत!" हे वाक्य ते असं म्हणायचे की पाहुण्याला खरंच अंगावर काहीतरी पडल्यासारखं वाटावं. या कामाचे पैसे नसतात. शाल आणि नारळ मिळतो. आमच्या घरात शालींचा इतका ढीग झाला होता की आईने त्यांच्या गोधड्या शिवल्या. नारळ तर आम्ही विकत आणल्याचं मला आठवतच नाही.

बाबांची एक खोड होती. खात्री झाल्याशिवाय ते माईकवर काही बोलायचे नाहीत. एकदा एका मोठ्या घरच्या हळदीला कुणीतरी चिठ्ठी पुढे केली, की आमच्या मुलाच्या नावापुढे 'इंजिनिअर' लावा. बाबांनी माईकवर हात ठेवून विचारलं, "पोरगा पास झाला का?" उत्तर आलं, "शेवटचा पेपर ऱ्हायलाय." बाबांनी त्याला 'इंजिनिअरिंगचे विद्यार्थी' म्हणूनच बसवलं. ते घर बराच काळ आमच्याशी फुगून होतं. पण लोकांचा माईकवर विश्वास होता. हरवलेलं पोर, सापडलेली चेन, कुणाच्या घरचं सुतक, क्रिकेटच्या फायनलचा टॉस, सगळं त्याच आवाजातून यायचं आणि ते खरं असायचं.

अशा माणसाच्या घरात मी एम.बी.ए. करायला घेतलं. दोन हजारच्या आसपासची ती वर्षं. गावात मुली बी.कॉम.पर्यंत जाऊ लागल्या होत्या, पण त्यापुढे शिकणारी मीच पहिली. मोठ्या काकांचं मत होतं की एवढं शिकवून पोर हाताबाहेर जाईल. बाबा म्हणाले, "जाऊ दे हाताबाहेर, परत ईल." भिवंडीच्या डेपोतून एस.टी. पकडून मी ठाण्यापलीकडच्या कॉलेजात जायचे. तिथे मला समजलं की हुद्द्याचं वेड फक्त आमच्याकडेच नाही. पहिल्याच दिवशी आम्हाला जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो दाखवले. हे अमुक बँकेत, हे तमुक कंपनीत, हे परदेशात. दाखवणारे सर प्रत्येक फोटोपुढे थांबून असा आवाज लावायचे की मला हसू यायचं. म्हटलं, यांच्या हातात आमच्या मांडवातला माईक दिला पाहिजे.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात कंपन्या कॉलेजात यायला लागल्या. साबण-शांपू विकणारी एक मोठी परदेशी कंपनी होती, सगळ्यांचा डोळा तिच्यावर. पहिल्या फेरीत ग्रुपमध्ये वाद घालायचा होता. त्यात मी टिकले. घरात वाद घालून घालून जीभ तयारच होती. दुसऱ्या फेरीत मुलाखत झाली, त्यातही टिकले. मग सांगण्यात आलं की तिसऱ्या फेरीला कंपनीच्या मोठ्या साहेबांना भेटायचं आहे. त्या संध्याकाळी मी हे आनंदाने घरी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मुलाखतीला गेले.

चूक झाली ती इथे. आमच्या घराण्यात लग्न ठरवायची एक रीत आहे. पहिल्यांदा येतात ते मुलगी बघायला. दुसऱ्यांदा येतात ते घरदार बघायला, तेव्हा मोठी माणसं बोलतात. तिसऱ्यांदा जे येतात, ते साखर घेऊनच येतात. तिसऱ्यांदा येऊन कुणी नकार दिला असं आमच्या सात पिढ्यांत झालेलं नाही. झालं असतं तर मारामारी झाली असती. बाबांनी हाच हिशोब कंपनीला लावला. बोलावणं तिसऱ्यांदा आलंय, मोठे साहेब स्वतः बसणार आहेत, म्हणजे आता उरलं काय? साखरच की!

मी मुलाखत देऊन परतले तेव्हा शेजारच्या आळीत हळद होती. मी मांडवात पाऊल टाकलं आणि माईक गरजला. "आपल्या गावची सुकन्या, एम.बी.ए. आणि परदेशी कंपनीच्या अधिकारी, हळदी समारंभाला उपस्थित झालेल्या आहेत! त्यांचं शब्दसुमनांनी स्वागत!" मी जागच्या जागी थिजले. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणाऱ्या म्हाताऱ्या बाईने माझ्या गालाला हळद फासली. मोठे काका, ज्यांनी माझ्यासाठी एक स्थळ हेरून ठेवलं होतं, ते खुर्चीतून उठून आले आणि म्हणाले, "मंग आता लग्नाचा न्हाय बोलत मी." बाबांचा चेहरा असा काही फुलला होता की मला तोंडच उघडता आलं नाही.

कंपनीने मला घेतलं नाही. कॉलेजच्या कँटीनमध्ये प्लेसमेंटचे सर आले, त्यांनी निवडलेल्यांची नावं वाचली आणि बाकीच्यांना म्हणाले, डोन्ट वरी. मी एस.टी.ने थेट नाक्यावर उतरले आणि दुकानात गेले. बाबा एका गिऱ्हाइकाला पट्टा मोजून देत होते. तो जाईपर्यंत मी थांबले आणि मग सांगितलं. ते फडक्याने एक धोटा पुसत बसले, आधीच स्वच्छ असलेला.

"मंग आता माईकवर काय सांगू?" त्यांनी विचारलं.

मला संताप आला. माझी नोकरी गेली आणि याला माईकची पडलीय! मी म्हटलं, "काही सांगायचं नाही. मला दुसरी नोकरी लागेल, लोक विसरून जातील."

"लोक इसरतील म्हनून खोटा तसाच ठेवाचा?"

"हो, ठेवायचं! सगळ्या गावापुढे माझी शोभा कशाला?"

ते परत धोटा पुसायला लागले. मला वाटलं, पटलं त्यांना.

पुढच्या रविवारी कापणी झालेल्या शेतात क्रिकेटची फायनल होती. आजूबाजूच्या गावांतली माणसं बांधावर बसली होती, बायकाही होत्या, मीही आईबरोबर होते. डाव संपला, दुसरा सुरू व्हायचा होता. माईकवर बाबांचा आवाज आला, पण तो माईकवरचा नव्हता, घरातला होता. माईकवर ते कधीच असे बोलत नसत.

"मंडली, जरा आयका. मागच्या हलदीला मी सांगितला, माझी पोर कंपनीत लागली. ती लागली न्हाय. तिनं मना एवढाच सांगितला व्हता का तिसऱ्यांदा बोलावलाय. पुढचा मीच बोललो. चूक माझी हाय, पोरीची न्हाय. आजपासून पोरीचा कायबी मी माईकवर सांगनार न्हाय."

मग बाबांनी घसा साफ केला आणि पुस्तकी मराठीत सांगितलं की रस्त्यात आडवी लावलेली लाल मोटरसायकल ज्यांची असेल त्यांनी ती काढावी.

मी ताडकन उठून घरी निघून आले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आई मागून आली आणि म्हणाली, "तुझ्या बापाला तोंड हाय, पन झाकन न्हाय." कितीतरी दिवस मी बाबांशी नीट बोलले नाही. त्यांच्याच ताटाला ताट लावून बसायचे आणि मीठ मात्र आईकडे मागायचे. काकांनी स्थळाचा विषय परत काढला. तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "पोरीला न्हाय म्हनली ती कंपनी. पोरगी नोकरीला न्हाय म्हनलेली न्हाय." मला ते ऐकून बरं वाटलं, पण मी राग सोडला नाही. आमच्या घरात राग असा एका वाक्यावर सोडत नाहीत.

उन्हाळ्यात मला नोकरी लागली, ती दापोड्याच्या गोदामात. कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "दापोडे? हे कुठे आलं?" मी म्हटलं, तुमच्या कंपन्यांचा साबण जिथे झोपतो तिथे. मुंबईच्या जकातीच्या बाहेर म्हणून सगळा माल आमच्याकडे साठवला जायचा. ज्या शेतात मी लहानपणी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरले, तिथे आता पत्र्याच्या उंच शेड होत्या आणि त्यांत देशभरचे मिक्सर, बूट आणि बिस्किटं. सुरुवातीला ट्रकवाले मला बघून विचारायचे, "साहब कहाँ हैं?" मी म्हणायचे, "सामने खड़े हैं." कुठला माल आधी आत घ्यायचा, कुठला दाराजवळ ठेवायचा, हमालांना कधी ओरडायचं आणि कधी त्यांच्याबरोबर चहा प्यायचा, हे मी तिथे शिकले. पुस्तकात होतं त्यातलंही बरंच उपयोगी पडलं, खोटं कशाला बोलू?

कामात माझं बरं चाललं होतं. सुपरवायझर झाले, मग पूर्ण शिफ्ट माझ्या हाती आली. पण हळदीला मी मांडवात शिरले की माईक गप्प. माझ्या मागून येणाऱ्या टेम्पोमालकाचं स्वागत व्हायचं, पुढे गेलेल्या ग्रामसेवकाचं झालेलं असायचं, आणि मी मधून अशी सरकायचे जशी काही वाढपी. सुरुवातीला मला वाटलं, सुटले. दोन-तीन लगीनसराया गेल्यावर ते टोचायला लागलं. रुसले होते मी, आणि शब्द पाळत बसले होते ते. आता मी सांगून टाकते, मला ते स्वागत हवं होतं. कंपनीकडून कौतुकाचे मेल यायचे, ते मी वाचून बंद करायचे. बाबांच्या तोंडून माझा हुद्दा ऐकायला माझे कान आसुसले होते.

त्या दशकाच्या शेवटी कॉलेजात आमच्या तुकडीचा मेळावा झाला. एकजण सिंगापूरच्या बँकेत पोहोचला होता. त्या साबणवाल्या कंपनीत लागलेली मुलगी उत्तरेत खेड्यापाड्यांत फिरून शांपूच्या पुड्या विकून आता मुंबईच्या ऑफिसात बसली होती. माझ्या बाकावरची मैत्रीण नोकरी सोडून वडिलांची तेलाची गिरणी चालवत होती आणि आमच्यात सगळ्यात तजेलदार तीच दिसत होती. निवेदिकेने एकेकाचा हुद्दा वाचला. एका मित्राला तिने व्हाइस प्रेसिडेंट म्हटलं. तो उठला, पुष्पगुच्छ घेतला आणि माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाला, "चार महिने झाले घरी बसलोय. मंदीत काढलं." मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला. तेव्हा मला बांधावरचे बाबा आठवले. भर मैदानात, माझ्यासाठी, स्वतःला खोटं ठरवणारा माझा बाप. राग तर कधीच गेला होता, पण त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला गोदामाची मॅनेजर केलं. जेवताना घरी सांगितलं. आईने डोळे पुसले. बाबा म्हणाले, "बरा झाला," आणि कोलंबीचं आंबट अजून मागितलं. मी मनात म्हटलं, अगदी धोंडा आहे हा माणूस.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेटवरचा वॉचमन माझ्या केबिनमध्ये आला. म्हणाला, "मॅडम, एक चाचा आए थे. पूछ रहे थे, इस गोदाम का मैनेजर कौन है. मैंने आपका नाम बताया तो बोले, पक्का? मैंने कहा, पक्का. फिर बोले, और किसी से पूछूँ? मैंने उधर ड्राइवर लोगों के पास भेज दिया. चाय भी नहीं पी." चाचा कसे दिसत होते, हे मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी काकांच्या मुलाची हळद होती. मी कामावरून थेट गेले, जड बूटही बदलले नव्हते. गर्दीतून वाट काढत एक ताट हातात घेतलं, तोच माईकची शिट्टी वाजली.

"दापोडे येथील गोदामाच्या मॅनेजर, आपल्या गावच्या सुकन्या, हळदी समारंभाला उपस्थित झालेल्या आहेत. त्यांचं शब्दसुमनांनी..." माईकमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता. मग घरातल्या आवाजात बाबा म्हणाले, "मंडली, बातमी खरी हाय. मी सोता गेटवर जाऊन इचारून आयलोय."

स्वागत झालेल्या पाहुण्याने उभं राहून हात जोडायचे असतात. मी उभीच होते. पण एका हातात ताट होतं, आणि दुसऱ्या हाताने मी डोळे पुसत होते.