सही न करण्याचे पैसे

बातमी अशी होती की जिन्याखालच्या नोटरीबाईंनी पैसे खाल्ले. तेही सही करण्यासाठी नव्हे, सही न करण्यासाठी! पैसे घेऊन डोळे झाकून सही करणारे पुष्कळ असतात, त्यांची कुणी बातमी करत नाही. पण हा प्रकार नवा होता. बातमी सकाळी पावाच्या दुकानात शिरली, तिथून भट्टीतल्यासारखी गरम होऊन बाहेर पडली, आणि दुपारपर्यंत आकड्याला दोन शून्यं जास्तीची चिकटली.

बाईंची खोली म्हणजे चार मजली इमारतीच्या जिन्याखालची जागा. वरून कुणी धपाधप उतरलं की कागदांवर पांढरी भुकटी पडायची, म्हणून शिक्क्याच्या पॅडवर कायम एक फडकं. सोळा वर्षं त्या तिथे बसत होत्या, आणि त्यांची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. कागद पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचा, मग टेबलावर पालथा घालायचा आणि सही करणाऱ्याला विचारायचं, "आता सांगा, यात काय लिहिलंय?" भलेभले तिथे शाळेतल्यासारखे घाम पुसत. दाखल्याची झेरॉक्स असो की वीस पानी करार, दर एकच. चाळीस. घासाघीस केली की बाई म्हणत, "भाव करायचाय? मग भाजी घ्यायला जा."

मग समोर काचेच्या दाराचं दुकान उघडलं. तिथे फोटो निघत, मोबाइलची कव्हरं मिळत आणि दहात शिक्का मारून मिळे. मारणाऱ्या तरुण नोटरीला लोकांनी लगेच नाव ठेवलं, झटपट. झटपट मान वर करायचा तो फक्त चहा आल्यावर.

बाईंकडचे झेरॉक्सवाले पहिल्या आठवड्यातच पळाले. उरले ते वीस पानी करारवाले, चष्मा पुसत निवांत बसणारे. बाई दिवसभर घसा फोडून वाचत, आणि संध्याकाळी गल्ला बघून म्हणत, "मी काम केलं की नुसतं पारायण?" खोलीचा करार महिनाअखेरीस संपत होता. मालकाने विचारून ठेवलं होतं, "बाई, ठेवताय की सोडताय?"

बाईंनी दर तीसवर आणला. मग वीसवर. मग पंधरावर.

"अगं, पुढच्या आठवड्यात तूच गिऱ्हाइकाला पैसे देशील," नवरा म्हणाला. तो बस डेपोत वेळापत्रकं लावायचा, उशीर झाला म्हणून शिव्या खाण्यात त्याचा जन्म गेला होता. "आणि वर चहा पाज."

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या बसला कुणी समोर दुसरी बस लावली नाही अजून."

पण पंधरात भागायचं तर घाई करायला हवी. म्हणून बाईंनी कागद पालथा घालणं बंद केलं. मग वाचणंही पहिलं पान आणि शेवटचं पान एवढ्यावर आलं. रात्री झोप लागायची नाही, ते त्या ॲसिडिटीवर ढकलत.

त्याच आठवड्यात टेलरमास्तर आले. कोपऱ्यावरचं शिलाईचं दुकान त्यांचं, गळ्यात माप घेण्याची टेप, खिशाला सुया. बरोबर त्यांचा मेहुणा, अत्तराचा घमघमाट सोडत. मेहुण्याला मालाची गाडी घ्यायची होती आणि कर्जाच्या कागदावर दाजींची सही हवी होती.

"मॅडम, पंधरा ना? हे वीस घ्या, वरचे राहू द्या," मेहुणा म्हणाला. "दाजींना दुकान उघडायचंय, गिऱ्हाईक खोळंबलंय."

बाईंनी पहिलं पान वाचलं. शेवटचं उलगडलं. शिक्का पॅडवर दाबला, उचलला. तेवढ्यात मास्तरांनी चष्मा वर केला. "बाई, मी साक्षीदार ना? मग माझी सही कुठे करायची?"

बाईंचा हात तसाच हवेत राहिला. शेवटच्या पानावर साक्षीदाराची जागाच नव्हती. त्यांनी शिक्का खाली ठेवला, मधली सहा पानं उघडली आणि मोठ्याने वाचायला घेतलं. मेहुणा पाय हलवू लागला. चौथ्या पानावर होतं की मास्तर जामीन, आणि हप्ते थकले तर तारण म्हणून दुकान, दोन्ही शिलाई यंत्रांसकट.

बाईंनी कागद पालथा घातला. "सांगा मास्तर, काय लिहिलंय?"

मास्तर मेहुण्याकडे वळले. "यात लिहिलंय की गाडी याची आणि दुकान माझं जायचं."

"दाजी, ती नुसती पद्धत असते हो लिहायची!"

"मग तुझ्या घराचं लिही की पद्धतीत."

मेहुणा आपले वीस उचलून, दार आपटून गेला. जिन्याखाली भुकटी पडली. बाई मटकन खुर्चीत बसल्या. हातावर शाई लागली होती. "मास्तर, मी मारणारच होते हो शिक्का."

मास्तरांनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला, मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "बाई, रागावू नका. बटण लावायचे आणि सूट शिवायचे मी एकच पैसे घेतले असते, तर बटणवाला माझ्याकडे का आला असता? आणि सूटवाल्यांनी मला विकून खाल्लं असतं."

बाई हसायला लागल्या. इतक्या, की वरच्या मजल्यावरचा शिपाई वाकून बघून गेला. सोळा वर्षं झेरॉक्सवाले करारवाल्यांचं वाचन पोसत होते, आणि झटपटने नेमके तेच पोसणारे उचलले होते!

दुसऱ्या दिवशी पाटी लागली. प्रत ताडून शिक्का, बारा. करार वाचून, विचारून, पानागणिक दहा. सही झाली तरी, न झाली तरी. झेरॉक्सवाले सगळे परतले नाहीत, पण निम्मे आले. दोनच जास्त आणि रांग नाही. करारवाले कुरकुरले आणि बसले. महिनाअखेरीस बाईंनी मालकाला सांगितलं, "ठेवतेय." त्या रात्री त्या अशा घोरल्या की नवरा उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला, आणि ॲसिडिटीचं नाव पुन्हा निघालं नाही.

बातमी पसरवली ती मेहुण्याने. मास्तरांनी बाईंना पैसे चारून सही मोडली, असं तो सांगत फिरला. मास्तरांनी पाटी लागल्यावर येऊन त्या आठ पानांच्या वाचनाचे ऐंशी दिले होते. बाई नको म्हणत होत्या, तरी दिले. सही झाली नव्हती. बाईंनी पावती दिली.