ओटीतला नारळ
माळा झाडताना जुन्या साडीत गुंडाळलेला नारळ सापडला. हलवला तर आत वाळकं खोबरं खुळखुळलं. अंजूर गावी सासरी होते तेव्हाची गोष्ट, मूल हवं म्हणून गोळ्या बंद करून तीन महिने झाले होते. पाळीत चार दिवस बाजूला बसायची रीत, त्यामुळे दर महिन्याला घरभर कळायचं आणि सगळ्यांचे चेहरे पडायचे. चौथ्यांदा पाळी आली तेव्हा मी सांगितलंच नाही, अंघोळ करून सरळ देवापुढे दिवा लावला. सासूबाई दारातच थबकल्या. "पोरी, या महिन्याला बाजूला बसली न्हाय तू!" म्हणत त्यांनी हा नारळ माझ्या ओटीत घातला आणि बोटांवर महिने मोजू लागल्या. पदराखाली पोटात कळा येत होत्या. मी हसत राहिले. आज लेकीनं तो फोडायला मागितला, तर मी तिच्या हातातून हिसकावून घेतला.