सरांच्या सहीआधीची परीक्षा

प्रा. डॉ. विनायकराव चिंचोळकर यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात बहुतेक लेखक विद्वान आहेत. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. वरूड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे आणि सरांची एक विद्यार्थिनी, चि. प्रांजली, ही माझी नात आहे. हा लेख मी स्वहस्ते लिहिला आहे. सरांच्या विद्यार्थ्यांनी तो तपासून देण्याची तयारी दर्शविली होती. मी ती नम्रपणे नाकारली.

सरांचा प्रथम परिचय बागेतच झाला. प्रांजलीने अमरावतीच्या विद्यापीठात संशोधनासाठी नाव नोंदविले, त्याच वर्षी सर पाचसहा विद्यार्थ्यांना घेऊन आमच्याकडे आले. मी खुर्ची मांडली होती. सर बांधावर बसले. झाडाच्या खोडातून डिंक गळू लागण्यापूर्वीच रोग कसा ओळखावा, हे त्यांनी मला विचारले. सालीला नख लावून मी दाखविले. सर एका विद्यार्थ्यास म्हणाले, "लिहून घ्या, आणि खाली यांचं पूर्ण नाव लिहा." पुढे विभागाच्या भिंतीवर लागलेल्या तक्त्यात माझे नाव वडिलांच्या नावासह छापलेले मी पाहिले.

अशा मनुष्याचा मत्सर वाटू नये. मला वाटला, आणि तो लपवून गौरव करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

प्रांजली दहा वर्षांची असताना जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करण्यास मी तिला शिकविले. तोवर बागेत माझा शब्द अंतिम असे. नंतर घरात प्रत्येक जेवणाला "सर म्हणतात" सुरू झाले. पाण्याची पाळी केव्हा द्यावी, यावरही ती म्हणे, "थांबा आबाजी, सरांना इचारते." ज्यांचे सारे बालपण अकोल्यात वकिलाच्या घरी गेले, त्यांना विचारून मी माझ्या बागेला पाणी द्यावयाचे!

सरांचे कार्य मात्र मी डोळ्यांनी पाहिले आहे. कोठे शिष्यवृत्ती निघाली, कोठे कार्यशाळा आहे, हे ते फळ्यावर लावून थांबत नाहीत. ज्याला ती उपयोगी पडेल त्याला बोलावून वाचून दाखवितात. अर्ज कसा लिहावा, हे शेजारी बसून शिकवितात. अकोट तालुक्यातील एक विद्यार्थी मुलाखतीच्या भयाने अर्जच करीत नव्हता. सरांनी टेबलापलीकडे बसून स्वतः उद्धट परीक्षकाचे सोंग घेतले. तीन दिवस त्या मुलाचा पाणउतारा केला आणि रोज शेवटी चहा पाजला. आज तो मुलगा संशोधन संस्थेत नोकरीस आहे.

सरांचा एक नियम सर्वांना ठाऊक आहे. विद्यार्थ्याला परिषदेस किंवा प्रशिक्षणास जावयाचे असेल, तर प्राथमिक शाळेपलीकडे न शिकलेल्या एखाद्या शेतकऱ्यास त्याने आपले संशोधन साध्या मराठीत सांगावे. तो शेतकरी "समजले" म्हणेल, तेव्हाच सर अर्जावर सही करतात. बहुतेक वेळा परीक्षक म्हणून मलाच मान मिळे. "तुमच्याइतका कडक माणूस जिल्ह्यात नाही," असे सर म्हणत. मी ते पद निष्ठेने सांभाळले, एक प्रसंग वगळून.

दक्षिणेतील एका प्रयोगशाळेत वर्षभराच्या प्रशिक्षणाची संधी प्रांजलीला आली. अर्जाला दोन दिवस उरले होते. सर तिला व तिच्या सोबत्यांना घेऊन बागेत आले. तिने तक्ता लावून सांगितले. मी म्हणालो, "समजले नाही." तिने तक्ता गुंडाळला आणि हाताने माती उकरून सांगितले. मी म्हणालो, "नाही." तेव्हा ती शहरी बोली विसरली.

"आबाजी, मुयापाशी रोगाची बुरशी हाये, थे उंदीर समजा. मी दुसरी बुरशी सोडते, थे मांजर. पन मांजराले बी जगाले ओल लागते. केवढी लागते, थे मले शोधाचं हाये."

"मांजर समजली. उंदीर समजला नाही," मी म्हणालो. मुले हसली.

तिच्या डोळ्यांत पाणी आले. "तुमाले सारं समजलं. तुमी मुद्दाम करून राहिले! कावून?"

"प्रांजली, परीक्षकाशी वाद घालायचा नाही," सर म्हणाले आणि त्यांनी सर्वांना विहिरीकडे पाठविले.

मला वाटले, आता हे मला उपदेश करतील. सर विभागात कधी वऱ्हाडी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "आबाजी, खरं सांगू काय? मले तुमचा हेवा वाटते. ही पोरगी सालीले नख लावते अन् रोग सांगते. माह्या एकाही पोराले मी थे शिकवू शकलो नाही." मग त्यांनी सहीची जागा कोरी असलेला अर्ज खिशातून काढून मला दाखविला. "नियम माहा हाये, मी मोडनार नाही. तुमी हो म्हनाल तवाच सही होईन." एवढे बोलून ते गेले.

नात गेली, तर ती परत येईल की पूर्णपणे सरांचीच होईल, हे एकच भय माझ्या मनात होते. परंतु तिने मांजराचा दाखला किती नेटका दिला होता, हे मात्र विसरता येईना. खोट्या परीक्षकापुढे ती तीन वेळा खरे बोलली होती.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने अमरावतीस गेलो. सरांच्या खोलीत विद्यार्थी बसले होते. सर्वांसमक्ष मी म्हणालो, "समजले. कालच समजले होते."

खोलीत कुणी हसण्यापूर्वी सर उठून उभे राहिले आणि विद्यार्थ्यांना म्हणाले, "निर्णयासाठी एक दिवस घेण्याचा परीक्षकांना अधिकार आहे. हे सर्वांनी लिहून ठेवा." मला खुर्ची देऊन त्यांनी उभ्यानेच सही केली. त्यांच्याकडून मला मिळालेल्या उपकारांत हा सर्वांत मोठा आहे, कारण त्यांनी माझा मान राखला आणि उपकाराचा उच्चारही केला नाही.

प्रांजली सध्या तिकडेच आहे. काही नवे आढळले की तिचा पहिला फोन सरांना जातो, दुसरा मला येतो. मी चौकशी करून याची खात्री केली आहे. मत्सर गेलेला नाही. परंतु आता तो मला बागेत बसवून ठेवीत नाही. अन्य विद्यार्थ्यांची परीक्षा घेण्यास मी पूर्वीप्रमाणेच जातो, आणि समजले असेल तर त्याच दिवशी सांगतो.

सर लवकरच निवृत्त होतील. त्यांचा नियम निवृत्त होऊ नये. वयाने मी त्यांच्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे, म्हणून आशीर्वाद देण्याचा अधिकार माझा आहे, आणि तो मी कुणास देणार नाही. सरांना निरोगी, कार्यमग्न व उदंड आयुष्य लाभो. आणि त्यांचा हेवा करावयास का होईना, त्यातील काही वर्षे मलाही लाभोत.