भुऱ्याला चोळलेलं नीलगिरीचं तेल

"साहेब, लवकर या जी. लोकं माह्या भुऱ्याले मारून टाकतीन!"

फोनवर शेवंताबाई होत्या. अहेरीकडच्या जंगलातलं त्यांचं गाव, माझ्या जनावरांच्या दवाखान्यापासून मोटरसायकलने पाऊण तास. भुऱ्या हा त्यांचा कुत्रा. दुपारपासून त्याची लाळ गळत होती, पाय लटपटत होते. गावाने निकाल देऊन टाकला, कुत्रा पागल झाला. म्हणजे पिसाळला, रेबीज झाला. दारात पाच-सहा जण काठ्या घेऊन उभे. बाईंनी त्याला सैंपाकघरात कोंडलं होतं.

"दार उघडू नका, कुणी हात लावू नका. निघालोच," म्हटलं.

दिवस मोहाचे होते. भल्या पहाटे झाडाखाली वाकून फुलं वेचायची, आणि अस्वलालाही तीच फुलं हवी असतात. बाई घरात एकट्या. भुऱ्या भुंकला की त्या टोपली टाकून मागे सरकायच्या. तो गेला तर त्यांना सावध करणारं कुणी नव्हतं. आणि खरंच रेबीज असेल तर त्याची लाळ ज्याला लागली त्याच्या जिवाशी गाठ.

दारात शेजारचे देवाजी सगळ्यांच्या पुढे होते. "डाक्टरसाहेब, बाजूले व्हा. आमच्या घरी लेकरं हायेत."

"देवाजीभाऊ, दहा मिनिटं द्या."

"दहाच!"

हातमोजे चढवून कडी काढली आणि नाकात वास घुसला. नीलगिरी.

"बाई, काय लावलं याला?"

"तेल जी, आमच्या गटाचं. पिसवा लय झाल्या होत्या. सकाऊन अर्धी वाटी चोळलं."

त्यांचा बचत गट नीलगिरीचा पाला उकळून तेल काढतो. सर्दीला, गुडघ्याला तेच.

"अर्धी वाटी? अहो, कुणी सांगितलं असलं?"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमीच त सांगतलं. आमाले चालते त कुत्र्याले काऊन नाई चालन?"

मग आठवलं. महिन्यापूर्वी गावात शिबिर घेतलं होतं. बैलांचं गोचिडाचं औषध लोक कुत्र्यांना फासतात, म्हणून मी तावातावाने म्हणालो होतो, "त्यापेक्षा झाडपाल्याचं काही लावा!" माना डोलल्या, मलाही बरं वाटलं. काय लावा, किती लावा, एक अक्षर बोललो नव्हतो.

असं तेल म्हणजे पोतंभर पाल्याचा बाटलीत उतरलेला अर्क. कातडीतून आत मुरतं. वर कुत्रा अंग चाटतो, म्हणजे पोटातही जातं. मग लाळ, लटपट, थरथर, अंग गार. सगळं जुळत होतं. पण तेलाचा वास आला म्हणून रेबीज नाहीच, असं कसं म्हणणार? रेबीजची लस मीच दिली होती, गेली दोन्ही वर्षं. सकाळपर्यंत तो नीट जेवलाखेळला होता. कुणाला चावला नव्हता. बाहेर येऊन एवढं सांगितलं.

"खात्री हाय?" देवाजी.

"माझ्या मते तेलच आहे. पक्कं दहा दिवसांनी कळेल. रेबीजचा कुत्रा तेवढा जगत नाही. तोवर बांधून ठेवू. लाळ लागली असेल त्यांनी आजच सरकारी दवाखान्यात जाऊन सुई घ्या."

"अन् तुमचं चुकलं त?"

"तर मीच त्याला इंजेक्शन देऊन संपवीन."

देवाजींनी काठी भिंतीला टेकवली, पण जागचे हलले नाहीत.

गळ्यात दोन बाजूंनी दोर अडकवून भुऱ्याला धरलं. भांडी घासायचा पातळ साबण आणि कोमट पाणी. एकदा धुतलं, वास तसाच. परत धुतलं. उलटी करवली नाही, असलं तेल उलटताना फुप्फुसात गेलं तर जास्त घात होतो. पुसून पोत्यांत गुंडाळलं. थरथर थांबवायचं इंजेक्शन, शिरेतून सलाईन. थर्मामीटरचा पारा वर सरकेना. बाई त्याच्याशी गोंडीत काहीबाही बोलत बसल्या होत्या. दिवस मावळताना अंग कोमट लागलं आणि त्याने मान उचलली.

पण दहा दिवस दोर! "बाई, तोवर जंगलात जाऊ नका."

"मोहफूल वाट पायते का, साहेब?"

माझी झोपच उडाली. या बाईला अस्वलाने गाठलं तर? तेही माझ्याच तोंडाचं पाप. एक दिवसाआड चक्कर मारायचो. पिसवा कुत्र्यावर थोड्या आणि घरात जास्त असतात, म्हणून तेही काम काढलं. गोधड्या उकळायला लावल्या, पोती उन्हात टाकली, जमिनीच्या भेगा रोज झाडायला सांगितल्या. अंडी तिथेच असतात. आणि पहाटे बाईंसोबत कोण जातंय, हे भीतभीत विचारलं.

"देवाजीभाऊ येते. कुऱ्हाड घेऊन उभा रायते," बाई म्हणाल्या.

मी देवाजींकडे पाहिलं. "बाई एकली कशी जाईन?" ते माझ्यावरच खेकसले.

अकराव्या दिवशी मी दोर सोडला. भुऱ्या चांगला धडधाकट होता. त्याने मला हुंगलं, गुरगुरला आणि सरळ देवाजींच्या पायाशी जाऊन बसला.

"तुमच्यावर राग हाय त्याचा," शेवंताबाई हसल्या.

"बरोबरच आहे त्याचं," म्हटलं.

शिबिरं मी अजून घेतो. झाडपाल्याचं काही सांगा, असं कुणी म्हटलं की आधी विचारतो, कुणाला लावणार, किती लावणार, ते चाटणार तर नाही? उत्तर येईपर्यंत तोंड उघडत नाही.