विहिरीतून आलेली ओ

“आता एक मिनिट कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही!” असं ओरडून मी हेडफोन कानाला लावले आणि टेप सुरू केली.

पारनेरजवळच्या एका मळ्यातली पायऱ्यांची विहीर. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यातली दुपार. मी साउंड रेकॉर्डिस्ट, म्हणजे सिनेमासाठी आवाज टिपणारा. आमची फिल्म जेमतेम बारा मिनिटांची होती. विहिरीत बुडालेली मुलगी साती आसरांमध्ये, म्हणजे पाण्यातल्या सात देवींमध्ये, जाऊन राहते, असं तिकडे मानतात. फिल्ममधली आई रोज काठावर येऊन मुलीला हाक मारते, एवढीच गोष्ट.

गावातल्या सात मुली आसरा झाल्या होत्या. हिरवी लुगडी, मोकळे केस, पाय पाण्यात. पाण्यावरचं ऊन दगडांवर हलत होतं, त्यांच्या चेहऱ्यांवरही. सकाळी माझ्याशी हुज्जत घालणाऱ्या त्याच या मुली, हे खरं वाटेना.

प्रत्येक लोकेशनवर आम्ही मिनिटभर नुसती शांतता टेप करतो. तिला अँबियन्स म्हणतात. संवादांच्या मधल्या फटी तिने भरायच्या. कानात थेंब पडत होते, पारवे पंख झटकत होते. मला स्वतःलाच पाण्याखाली बसल्यासारखं वाटू लागलं.

आणि हाक आली. “सखूऽ... ये गं वर.”

काठावर गंगूबाई उभ्या होत्या. मळ्याच्या मालकीण. तीन दिवस आम्हाला चहा-भाकरी त्याच देत होत्या.

बरेच थेंब पडून गेल्यावर खालून उत्तर आलं, “ओऽ.”

गंगूबाईंनी पदर सावरला. मग घराकडे गेल्या.

“टेपवर आलं ना?” दिग्दर्शकांनी माझा दंड धरला. “सकाळपासून नटी ओरडतेय, तिला हे जमलेलं नाही. हेच वापरायचं.”

“सर, बाईंना विचारायला हवं.”

“काय विचारायचं? जागा त्यांनीच दिलीय ना?”

मी पायऱ्या उतरून खाली गेलो. “ओ कुणी दिली?”

“मी,” सगळ्यांत धाकटी शेवंता म्हणाली. “सखू त्यांची लेक. हितंच बुडाली. लई येळ वाट बगत हुत्या. कुनीच ओ देईना, म्हनून मी दिली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन खांद्याला लावून मी गंगूबाईंच्या ओसरीवर गेलो. “मावशी, काल तुमची हाक टेपवर आली. त्यावरची ओसुद्धा.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मी हेडफोन त्यांच्या पदरावरूनच लावले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

“परत लावा.”

परत लावलं. शेवंताचं नाव सांगायचं ठरवून गेलो होतो, पण तो चेहरा पाहून मशीनची बटणंच बघत राहिलो.

त्यांनी हेडफोन काढले. “शेवंता हाय ही. माझी सखू ओ देत न्हवती. ‘काय गं आये’ म्हनायची.”

“मी सांगणारच होतो, मावशी.”

“असू द्या. पोरीनं माया केली. घाला तुमच्या शिनेमात.” त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. “पन आज पोरींना पान्यापाशी बशिवू नका. शेवाळ हाय तिथं. माझी सखू तिथंच घसरली. तीन दिस झाले, काठावर हुबी ऱ्हाते मी. शिनेमा बगायला न्हाई.”

तीन दिवस मी तिथला थेंबन् थेंब ऐकत होतो, आणि पायांखालचं शेवाळ पाहिलं नव्हतं.

शेवटचा शॉट पाण्यालगतचाच होता. मुलींना वर बसवा म्हटल्यावर दिग्दर्शक भडकले. “तू आवाज बघ, शॉट मी बघतो!”

“मग टेपही तुम्हीच चालवा,” मी म्हणालो.

तासभर ते विहिरीभोवती फेऱ्या मारत राहिले. मग मुलींना सात पायऱ्या वर घेतलं. तिथे ऊन कमी होतं, शॉट थोडा काळोखा आला. हाक आणि ओ मात्र फिल्ममध्ये राहिली. पाहणाऱ्यांनी त्या आवाजाचं कौतुक केलं. कुणाचा, ते कुणी विचारलं नाही.

त्यानंतर मी बरीच वर्षं हे काम केलं. विहीर, नदी, तळं असं लोकेशन असलं की पाय कुठे घसरतो, ते आधी तिथल्या बायांना विचारायचो. टेप मग लावायचो.