स्टिरिओतली पंगत

जुनी गाडी घेतली आणि पहिल्यांदा कुंभार पिंपळगावला बहिणीकडं निघालो. तिनं स्वतः म्हटलेली ओवी मला पाठवली होती. तिचाच आवाज मोठ्यानं लावून तिच्या अंगणात शिरायचं, असं ठरवलं होतं. पण कंपनीचा स्टिरिओ माझा फोन काही केल्या घेईना. शहागडच्या पुढं गाडी कडेला लावून मी बटणं दाबत बसलो.

शेजारच्या रानात मेंढरं चारणारा एक म्हातारा खिडकीशी आला. त्यानं बोट धोतराला दोनदा पुसलं, मगच स्क्रीनला लावलं.

"पहिल्या मालकाचे पाच फोन बसून राह्यलेत की यात! जुनी पंगत उठल्याबिगर नवी कशी बसंल, भाऊ?"

त्यानं स्क्रीनवरच्या यादीतला एकेक फोन काढून टाकला. "आधी माझा लावून बघू, मंग तुमचा."

त्याच्या फोनमध्ये त्याचीच हाळी भरलेली होती. गळा बसला की मेंढरांना तीच ऐकवायचा.

"हुर्रर्र!" चारही स्पीकर दणाणले. रानातल्या सगळ्या माना वर झाल्या आणि अख्खा कळप धावत येऊन गाडीला भिडला. म्हातारा टाळ्या पिटत ओरडला, "वळखलं! गाडीतून बी वळखलं!"

मग माझा फोनही झटक्यात जोडला गेला. बहिणीची ओवी मी मेंढरांच्या गराड्यातच पहिल्यांदा मोठ्यानं ऐकली.

आता त्या यादीत आमच्या घरातले चार फोन आहेत. पाचवा त्याचा.

बायको म्हणते, "काढून टाका तो."

मी म्हणतो, "राहू दे. त्याचं जेवण अजून व्हायचंय."